खरी उपासना आणि पवित्र स्थळं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायबल अभ्यासवर्ग घेताना काही प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात. वर्गात सगळ्यांसमोर विचारलेले थोडे. वर्ग सुटल्यावर दाराशी थांबून हळूच विचारलेले जास्त. ते इथे एकत्र केले आहेत. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि प्रोटेस्टंट परंपरांमध्ये जिथे मतभेद आहेत तिथे ते तसे सांगितले आहेत. माझं मत जिथे आहे तिथे ते माझं म्हणूनच लिहिलं आहे.

१. उपासना म्हणजे नेमकं काय? रविवारी चर्चमध्ये होते तीच ना?

तीही उपासनाच, पण उपासना तेवढ्यावर संपत नाही. मराठी शब्दच पाहा: उप म्हणजे जवळ, आणि पुढे बसण्याचा धातू. उपासना म्हणजे जवळ बसणं. बायबलच्या मूळ भाषांत या कल्पनेच्या दोन बाजू दिसतात. एक, जमिनीपर्यंत वाकून नमन करणं; ग्रीकमध्ये त्याला प्रोस्कुनेओ म्हणतात. दुसरी, सेवाचाकरी. हिब्रूतला अवोदा हा शब्द मंदिरातल्या सेवेसाठीही येतो आणि रोजच्या अंगमेहनतीसाठीही.

म्हणून प्रेषित पौल रोमकरांस पत्राच्या १२ व्या अध्यायात, आपली शरीरं देवाला जिवंत यज्ञ म्हणून द्या, हीच तुमची उपासना, असं लिहू शकतो. मंदिरातल्या सेवेचा शब्द त्याने माणसाच्या अख्ख्या दिवसाला लावला. गीत, प्रार्थना, वचन, प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत मंडळी घेते ती भाकर व द्राक्षारस) हे त्या दिवसांच्या मधोमध आहे. ते दिवसांऐवजी नाही.

२. "आत्म्याने व खरेपणाने" उपासना करा, असं येशूने म्हटलं. म्हणजे मनात भाव असला की पुरे?

बहुतेक जण असंच समजतात, म्हणून इथे जरा थांबू या.

योहानाच्या शुभवर्तमानाचा ४ था अध्याय. सूखार गावाजवळची याकोबाची विहीर, भर दुपार, थकलेला येशू, आणि पाणी भरायला आलेली एक शोमरोनी स्त्री. ती विचारते: आमच्या पूर्वजांनी ह्या डोंगरावर उपासना केली, तुम्ही यहूदी म्हणता यरुशलेमातच करावी, मग खरं कुठलं? तिचा प्रश्न पुस्तकी नव्हता. समोर दिसत होता तो गरिज्जीम डोंगर. त्यावरचं शोमरोन्यांचं मंदिर यहूदी राज्यकर्ता योहान हिर्कानस याने इ. स. पू. २ ऱ्या शतकाच्या अखेरीस पाडलं होतं. शंभराहून अधिक वर्षांची जखम ती बोलून दाखवत होती.

येशू म्हणतो, ह्या डोंगरावर नाही आणि यरुशलेमातही नाही, अशी वेळ येत आहे. आणि पुढे: "देव आत्मा आहे, आणि त्याच्या उपासकांनी त्याची उपासना आत्म्याने व खरेपणाने केली पाहिजे."

आता "आत्म्याने" याचा अर्थ नुसता "मनातल्या मनात" असा लावला तर योहानाचं बाकीचं पुस्तक बाजूला पडतं. ३ ऱ्या अध्यायात येशू निकदेमाला आत्म्यापासून जन्म घेण्याविषयी सांगतो. १४ व्या अध्यायात तो "सत्याचा आत्मा" देण्याचं वचन देतो आणि स्वतःलाच सत्य म्हणतो. म्हणजे ही उपासना देवाच्या आत्म्यामुळे शक्य होते आणि येशूमध्ये प्रकट झालेल्या सत्याला धरून असते. भाव हवाच, पण कोणताही भाव चालेल असं तो म्हणत नाही. त्याच संभाषणात, तारण यहूद्यांतून आहे, हेही तो स्पष्ट सांगतो.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. डोंगराचा प्रश्न निघण्याआधी येशूने तिच्या आयुष्याची गोष्ट काढलेली असते: पाच नवरे झाले, आणि आता जो आहे तो नवरा नाही. त्यात तिचा दोष किती आणि तिच्यावर झालेला अन्याय किती, हे शास्त्र सांगत नाही. त्या काळी काडीमोड देणं बहुतांशी पुरुषाच्या हातात होतं. पण जे आहे ते तिच्यासमोर बोललं गेलं आणि ती पळाली नाही. तिथेच खरेपणा सुरू झाला, असं मी मानतो. घागर तिथेच ठेवून ती गावात गेली आणि ज्यांना ती टाळत असावी त्याच लोकांना बोलावून आणलं.

३. मग ख्रिस्ती धर्मात पवित्र स्थळ असं काही आहेच का?

आहे, पण ते समजून घ्यायला बायबलमधला सगळा प्रवास बघावा लागतो.

याकोब घरातून पळालेला, दगड उशाला घेऊन उघड्यावर झोपलेला. स्वप्नातून जागा झाल्यावर तो म्हणतो, परमेश्वर खरोखर ह्या ठिकाणी आहे आणि मला ते ठाऊक नव्हतं. त्या जागेला तो बेथेल, म्हणजे देवाचं घर, असं नाव देतो. मोशेला जळत्या झुडपापाशी जोडे काढायला सांगितलं जातं. या जागा पवित्र असतील असं दोघांनाही आधी वाटलं नव्हतं. देव भेटला, म्हणून जमीन पवित्र झाली.

पुढे अरण्यात निवासमंडप आला. तो उचलून नेता येत असे, लोक चालले की तोही चाले. मग शलमोनाने यरुशलेमात मंदिर बांधलं. त्याच्या समर्पणाच्या प्रार्थनेतच (१ राजे ८) शलमोन म्हणतो की आकाशातही न मावणारा देव मी बांधलेल्या घरात कसा मावेल? घर बांधणाऱ्यानेच त्याची मर्यादा पहिल्या दिवशी सांगून ठेवली.

लोक मात्र ती विसरले. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ७ व्या अध्यायात ते "परमेश्वराचे मंदिर" हे शब्द तीनतीनदा म्हणतात, जणू ती इमारतच त्यांचं रक्षण करील. यिर्मया त्यांना शिलोची आठवण देतो: तिथेही देवाचं घर होतं, जाऊन बघा त्याचं काय झालं. इ. स. पू. ५८६ मध्ये बाबेलच्या सैन्याने शलमोनाचं मंदिर जाळलं. पण यहेज्केल संदेष्ट्याच्या दर्शनात देवाचं तेज मंदिर पडण्याच्या आधीच तिथून निघालेलं असतं, आणि बंदिवान लोकांना देव सांगतो की परदेशात मी स्वतः त्यांचं पवित्रस्थान झालो आहे (यहेज्केल ११:१६).

शुभवर्तमानात हा धागा येशूच्या देहापर्यंत पोहोचतो. यरुशलेमात पुन्हा बांधलेल्या मंदिरात, हे मंदिर मोडा, मी तीन दिवसांत उभं करीन, असं तो म्हणतो आणि योहान लिहितो की तो आपल्या शरीररूपी मंदिराविषयी बोलत होता. वधस्तंभावर त्याने प्राण सोडला तेव्हा मंदिरातला पडदा वरपासून खालपर्यंत फाटला. पौल करिंथच्या मंडळीला लिहितो, तुम्ही देवाचं मंदिर आहात. इथे "तुम्ही" हे अनेकवचन आहे. एकट्या भक्ताबद्दल तो पुढे, ६ व्या अध्यायात बोलतो. ३ ऱ्या अध्यायातलं मंदिर म्हणजे सगळी मंडळी मिळून.

४. चर्चची इमारत पवित्र असते का?

उत्तर परंपरेनुसार बदलतं. मूळ ग्रीक शब्द एक्लेसिया म्हणजे जमलेले लोक, इमारत नव्हे. पहिली मंडळी यरुशलेमातल्या मंदिराच्या अंगणात आणि घराघरांत जमे. प्रिस्क व अक्विला यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीला पौल सलाम पाठवतो. फिलिप्पैत तर सुरुवात नदीकाठी, लुदिया आणि इतर स्त्रिया प्रार्थनेला बसल्या होत्या तिथे झाली.

सीरियातल्या दुरा-युरोपस इथे ३ ऱ्या शतकातलं असं एक घर उत्खननात सापडलं. साधं राहतं घर, मधली भिंत काढून साठ-सत्तर माणसं बसतील अशी खोली केलेली, दुसऱ्या खोलीत बाप्तिस्म्याचं कुंड आणि भिंतींवर चित्रं. इ. स. २५६ मध्ये शहर पडलं. त्याआधी तटबंदी भक्कम करायला लगतच्या घरांत माती भरली होती, म्हणून ती चित्रं टिकली. त्यांतलं एक उत्तम मेंढपाळाचं आहे.

कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स परंपरेत चर्चचं विधिपूर्वक समर्पण होतं, वेदीला पवित्र तेल लावतात. कॅथलिक चर्चमध्ये प्रभुभोजनातली पवित्र भाकर एका पेटीत जपून ठेवलेली असते. तिथे ख्रिस्त खरोखर उपस्थित आहे ही त्यांची श्रद्धा, म्हणून आत जाताना गुडघा टेकतात. बऱ्याच प्रोटेस्टंट मंडळ्या म्हणतात की लोक जमतात, वचन सांगितलं जातं, म्हणून जागेला मान. ती रिकामी असताना चार भिंतीच. क्वेकर पंथातल्या काही मंडळ्या तर वेदी, व्यासपीठ काहीच न ठेवता शांत बसून उपासना करतात.

मला वाटतं, या मतभेदांतही एक गोष्ट सगळे मानतात: इमारतीमुळे देव येत नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या जिथे बाप्तिस्मे झाले, लग्नं लागली, अंत्यविधी झाले, ती जागा इतर जागांसारखी राहत नाही. तिथे पाय ठेवल्यावर आवाज आपोआप खाली येतो, त्यात गैर काही नाही.

५. देव सगळीकडे आहे, तर मी घरीच प्रार्थना केली तर काय बिघडलं?

घरी प्रार्थना करायलाच हवी. खोलीत जा, दार लाव आणि गुप्तपणे पित्याची प्रार्थना कर, असं येशू मत्तयाच्या ६ व्या अध्यायात सांगतो. पण तोच येशू शिकवतो की "आमच्या स्वर्गातील पित्या" म्हणा. दार लावलेल्या खोलीतही शब्द "आमच्या" असाच आहे.

शिवाय प्रश्न ३ मधलं अनेकवचन आठवा. पेत्र विश्वासणाऱ्यांना "जिवंत धोंडे" म्हणतो. एकटा पडलेला धोंडा घर होत नाही. इब्री लोकांस पत्राच्या १० व्या अध्यायात, काहींची सवय आहे तसं एकत्र जमणं सोडू नका, अशी सूचना आहे, म्हणजे ही सवय पहिल्या शतकातही होती! आणि "जेथे दोघे किंवा तिघे माझ्या नावाने जमले आहेत तेथे त्यांच्यामध्ये मी आहे" हे वचन लोक एकटं राहण्याच्या बाजूने वापरतात तेव्हा मला नवल वाटतं. त्यात आकडा लहान आहे, पण एक नाही.

जायची इच्छा असून जाता येत नसेल, तर प्रश्न ६. तिथे दुखावले गेल्यामुळे जावंसं वाटत नसेल, तर प्रश्न १५.

६. आजारपण किंवा कामाच्या पाळ्या यांमुळे चर्चला जाता येत नाही. मोबाइलवर पाहिलेली उपासना चालते का?

आधी मनावरचं ओझं खाली ठेवा. रविवारची मिस्सा बंधनकारक मानणारं कॅथलिक चर्चसुद्धा आजारी माणसाला, त्याची सेवा करणाऱ्याला आणि ज्याला खरंच शक्य नाही त्याला त्या बंधनातून मोकळं धरतं. पौल आणि सीला यांनी मध्यरात्री तुरुंगात, पाय खोड्यात अडकवलेले असताना स्तोत्रं गायली.

पडद्यावरच्या उपासनेत वचन ऐकता येतं, बरोबर प्रार्थना करता येते. प्रभुभोजन मात्र पडद्यातून हातात देता येत नाही. त्यावर उपाय जुनाच आहे. २ ऱ्या शतकाच्या मध्याला ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर रविवारच्या उपासनेचं वर्णन करतो, त्यात शेवटी लिहितो की जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे सेवक भाकर व द्राक्षारस पोहोचवतात. याकोबाच्या पत्रातही आजाऱ्याने वडील मंडळींना घरी बोलवावं, असं आहे. म्हणजे माणूस येऊ शकत नसेल तर मंडळीने त्याच्याकडे जायचं.

माझी आई शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. मोबाइल तिच्या उशाशी असायचा, उपासना लावलेली असायची. पण महिन्यातून एकदा मंडळीतल्या तिघी-चौघी येऊन पलंगाभोवती बसत, एक गीत म्हणत, तेव्हाच तिचे ओठ हलायचे. म्हणून विनंती अशी, की तुम्ही आजारी असाल तर पाळकांना किंवा फादरना निरोप द्या. आणि तुम्ही धडधाकट असाल तर निरोपाची वाट बघू नका.

७. आयुष्यात एकदा तरी पवित्र भूमीची यात्रा केलीच पाहिजे का?

नाही. ख्रिस्ती माणसावर कोणत्याही यात्रेचं बंधन नाही, आणि यात्रा न केल्याने काही उणं राहत नाही.

तरी लोक पहिल्यापासून जात आले. सम्राट कॉन्स्टंटाइनची आई हेलेना ४ थ्या शतकात गेली. त्याच शतकात एजेरिया नावाच्या स्त्रीने तिथल्या उपासनेचं प्रवासवर्णन लिहून ठेवलं, ते आजही वाचता येतं. पण त्याच काळात निस्साचा बिशप ग्रेगरी, स्वतः यरुशलेम पाहून आल्यावर, लिहितो की जागा बदलल्याने देव जवळ येत नाही. आणि बायबलचा भाषांतरकार जेरोम, जो स्वतः बेथलेहेमात राहत होता, एका मित्राला कळवतो की स्वर्गाचं दार यरुशलेमातून जितकं उघडं आहे तितकंच ब्रिटनमधूनही आहे. बेथलेहेमात राहणाऱ्याने हे सांगावं, याला वजन आहे.

मग जायचं कशासाठी? देव एका विशिष्ट काळी, विशिष्ट गावात, देह धरून आला ही आपली श्रद्धा आहे. बेथलेहेमच्या जन्मस्थानाच्या चर्चचं दार इतकं बुटकं आहे की मोठ्या माणसाला वाकूनच आत जावं लागतं. ते वाकणं काहींना वर्षानुवर्षं आठवतं. ऐपत असेल, घरच्यांची गैरसोय होणार नसेल तर जरूर जा. कर्ज काढून जाऊ नका.

८. येशूची कबर म्हणून यरुशलेमात दोन जागा दाखवतात. खरी कोणती?

एक पवित्र कबरीचं चर्च, दुसरी उद्यान-कबर. इतिहासाचा कौल पहिल्या जागेकडे झुकतो. ती आज शहराच्या तटाच्या आत असली तरी येशूच्या काळी तटाबाहेर होती. तट पुढे वाढवला गेला. सम्राट हेड्रियनने २ ऱ्या शतकात तिथे रोमन देवतेचं मंदिर बांधलं, कॉन्स्टंटाइनने ते पाडून चर्च उभारलं, आणि इ. स. ३३५ मध्ये त्याचं समर्पण झालं. १००९ मध्ये खलिफा अल-हाकिम याच्या हुकमाने ते पाडलं गेलं, नंतर पुन्हा बांधलं. उद्यान-कबरीची ख्याती १८८३ मध्ये ब्रिटिश जनरल गॉर्डन यांच्यापासून वाढली. ती कबर येशूच्या कित्येक शतकं आधीची आहे, असं बहुतेक पुरातत्त्वज्ञ मानतात, आणि शुभवर्तमानात तर "नवी" कबर म्हटलं आहे. पण तिथली शांतता आणि झाडं पाहून पुनरुत्थानाची पहाट डोळ्यांसमोर येते, हेही खरं.

पवित्र कबरीच्या चर्चमध्ये सहा ख्रिस्ती परंपरांचा वाटा आहे आणि त्यांच्यात जागेवरून भांडणं, कधी मारामाऱ्याही झाल्या आहेत. दाराची किल्ली शतकानुशतकं मुस्लिम घराण्यांकडे आहे. हे ऐकून एका ताईंनी मला डोळ्यांत पाणी आणून विचारलं होतं, मग तिथे पवित्र काय राहिलं? मी त्यांना लूकच्या शेवटच्या अध्यायातला देवदूतांचा प्रश्न वाचून दाखवला: जिवंताला मेलेल्यांमध्ये का शोधता? त्या कबरीचं सगळं महत्त्व ती रिकामी आहे यात आहे.

९. यार्देन नदीचं पाणी, यरुशलेमची माती, आशीर्वादित तेल यांत शक्ती असते का?

या वस्तूंमध्ये स्वतःची शक्ती नसते. देव वस्तूंचा उपयोग करून घेतो, हे मात्र शास्त्रात आहे: प्रेषितांची कृत्ये १९ मध्ये पौलाच्या अंगावरचे रुमाल आजाऱ्यांकडे नेल्याचं लिहिलं आहे.

धोका कुठे सुरू होतो ते पितळी सापाच्या गोष्टीत कळतं. मोशेने तो देवाच्याच आज्ञेने केला, त्याकडे पाहून लोक वाचले. पण कित्येक शतकांनी लोक त्याला धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले (२ राजे १८:४). देवाने दिलेली, चमत्कार घडलेली वस्तू! एजेरियाने लिहिलं आहे की यरुशलेमात क्रुसाच्या लाकडाचं चुंबन घेताना सेवक पहारा देत, कारण पूर्वी कुणीतरी चावा घेऊन तुकडा पळवला होता. आठवण म्हणून बाटलीभर पाणी घरी आणलंत, छान. पैसे घेऊन कुणी ते "हमखास गुण येईल" म्हणून देत असेल तर घेऊ नका.

१०. क्रूस, मूर्ती, चित्रं यांच्यापुढे गुडघे टेकणं ही मूर्तिपूजा नाही का?

या प्रश्नावर चर्च दुभंगलेलं आहे. इ. स. ७८७ च्या निकिया येथील दुसऱ्या धर्मपरिषदेने फरक केला: उपासना एकट्या देवाची, प्रतिमेला आदर, आणि तो आदर ज्याची प्रतिमा आहे त्याला पोहोचतो. कॅथलिक व ऑर्थोडॉक्स हेच मानतात. त्यांचा आधार असा, की देव देहात दिसला, म्हणून त्याचं चित्र काढता येतं. आणि कराराच्या कोशावर (देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेल्या पेटीवर) करूबांच्या, म्हणजे पंख असलेल्या स्वर्गीय प्राण्यांच्या, आकृती देवानेच करवल्या. पुष्कळ प्रोटेस्टंट मंडळ्या म्हणतात की सामान्य माणसाला हा फरक पाळता येत नाही, म्हणून प्रतिमाच नकोत.

दोघांनीही एकमेकांची खरी शिकवण ऐकून घ्यावी. आणि स्वतःला विचारावं: मी काय मागतोय, आणि कुणाकडे?

११. येशूने मंदिरातल्या सराफांचे चौरंग उलटले. म्हणजे तो मंदिराच्या विरुद्ध होता?

विरुद्ध असता तर "माझ्या पित्याचे घर" म्हणाला नसता. तो सणांना मंदिरात जात असे, तिथे शिकवत असे.

तो बाजार मंदिराच्या बाहेरच्या अंगणात भरत असे, असं बहुतेक अभ्यासक मानतात. परराष्ट्रीयांना तेवढंच अंगण मोकळं होतं. त्यापुढे अडसर होता, आणि पलीकडे गेल्यास मृत्यू ओढवेल असा ग्रीक भाषेतला इशारा दगडावर कोरलेला होता; तो दगड १८७१ मध्ये सापडला. दूरदेशीच्या माणसाला प्रार्थनेसाठी मिळालेल्या एकुलत्या एका जागेत गुरं, कबुतरं आणि नाण्यांचा खणखणाट. म्हणून मार्काच्या शुभवर्तमानात येशू यशयाचे शब्द पुरे म्हणतो: सर्व राष्ट्रांसाठी प्रार्थनागृह. पुढे इफिसकरांस पत्रात, ख्रिस्ताने मधली आडभिंत पाडली, असं येतं तेव्हा हा अडसर डोळ्यांपुढे आणून वाचा.

आपल्या मंडळीत नवखा माणूस कुठे बसतो, त्याच्याशी कोण बोलतं, हे या गोष्टीनंतर बघावंसं वाटतं.

१२. माझं भावाशी वैर आहे. तरी मी प्रभुभोजन घेऊ का?

मत्तय ५:२३-२४ मध्ये येशू सांगतो की वेदीपाशी दान आणल्यावर आठवलं, भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग येऊन दान दे. हे ऐकणारे गालीलात होते आणि वेदी यरुशलेमात, काही दिवसांच्या पायी वाटेवर. म्हणजे तिथपर्यंत पोहोचून परत फिरायचं, आणि समेट झाल्यावर पुन्हा सगळी वाट चालायची! इतकं करायला सांगतो, यावरून त्याला हे किती निकडीचं वाटतं ते कळावं. शब्दही नीट बघा: तुझ्या मनात त्याच्याविरुद्ध काही असेल तर, असं तो म्हणत नाही. दुखावलेला तो आहे.

आमोस संदेष्ट्याने हेच दुसऱ्या टोकाने सांगितलं: तुमच्या सणांचा मला वीट आला आहे, तुमच्या गीतांचा गोंगाट दूर करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या.

आता अडचणीचा भाग. तुम्ही गेलात आणि भावाने दारच उघडलं नाही तर? रोमकरांस १२:१८ मध्ये पौल "शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितके" असं म्हणतो. तुमचा वाटा तुम्ही उचला, मग प्रभुभोजनाला या. आणि जिथे मारहाण, छळ झाला आहे तिथे समेट म्हणजे त्याच घरात परत जाणं नव्हे.

१३. उपासनेचा दिवस शनिवार की रविवार? आणि तोंड कोणत्या दिशेला?

पुनरुत्थान आठवड्याच्या पहिल्या दिवशी झालं म्हणून बहुतेक ख्रिस्ती रविवारी जमतात. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट शनिवार पाळतात. दिवसावरून एकमेकांना दोष देऊ नका, हे रोमकरांस १४ मध्ये आहेच. दानीएल यरुशलेमकडची खिडकी उघडून प्रार्थना करी. आद्य ख्रिस्ती पूर्वेकडे तोंड करत, आणि जुनी चर्चं म्हणूनच पूर्वाभिमुख दिसतात. दिशेचा नियम मात्र शास्त्रात नाही.

१४. नोकरीमुळे किंवा नात्यामुळे मला दुसऱ्या धर्माच्या प्रार्थनास्थळी उभं राहावं लागतं. हे पाप आहे का?

नामान हा अरामी सेनापती. यार्देनेत सात बुड्या मारून त्याचा कोड गेला. तो अलीशा संदेष्ट्याला म्हणतो की यापुढे मी परमेश्वरालाच भजेन, पण एका गोष्टीची क्षमा असावी: माझा राजा रिम्मोन देवाच्या मंदिरात माझ्या हातावर टेकून वाकतो, तेव्हा मलाही वाकावं लागतं. अलीशा त्याला झापत नाही. "शांतीने जा," एवढंच म्हणतो (२ राजे ५). नव्याने विश्वासात आलेल्या माणसाची अडचण त्याने ओळखली.

पण दानीएलाच्या पुस्तकात शद्रख, मेशख आणि अबेदनगो सोन्याच्या पुतळ्यापुढे वाकत नाहीत आणि भट्टीत टाकले जातात. तिथे निष्ठेचीच परीक्षा मागितली होती. पौलही करिंथकरांना दोन्ही सांगतो: बाजारातलं मांस चौकशी न करता खा, पण मूर्तीच्या मेजावर भागीदार होऊ नका.

म्हणून माझं मत असं: आप्ताच्या लग्नाला, अंत्यविधीला आदराने उभं राहणं ही माणुसकी आहे. जी पूजा तुम्ही मानत नाही ती स्वतः करणं वेगळं. सीमारेषा कुठे पडते हे प्रत्येक प्रसंगी सोपं नसतं. अनुभवी माणसाशी बोला, आणि दुसऱ्या ख्रिस्ती माणसाने वेगळी रेघ ओढली तर त्याच्यावर शिक्का मारू नका.

१५. ज्या चर्चमध्ये माझ्यावर अन्याय झाला तिथे पाऊल ठेववत नाही. माझी उपासना संपली का?

नाही. हा प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाला मी सगळ्यात आधी एवढंच म्हणतो.

प्रश्न ५ मधली एकत्र येण्याची सूचना जखमी माणसाला दरडावण्यासाठी नाही. यहेज्केलाच्या ३४ व्या अध्यायात देव कळपाला खाऊन टाकणाऱ्या मेंढपाळांवर चिडतो आणि म्हणतो, मी स्वतः माझी मेंढरं शोधीन. पांगलेल्या मेंढरांवर तो चिडत नाही. घडलेलं विश्वासू माणसाला सांगा. गुन्हा असेल तर कायद्याकडे जा, त्याने चर्चची बदनामी होत नाही, गुन्ह्याने होते. दुसरी मंडळी शोधायला वेळ लागला तर लागू द्या. तोवर दोघा-तिघांबरोबर कुणाच्या घरी केलेली प्रार्थना ही पहिल्या शतकातल्यासारखीच पुरी उपासना आहे.

कॅथलिक नियमांत तर अशी तरतूद आहे की चर्चमध्ये तिथल्या लोकांना हादरवणारं गंभीर दुष्कृत्य घडलं, तर प्रायश्चित्ताचा विधी होईपर्यंत तिथली उपासना थांबवायची. म्हणजे जागेलाही घाव लागतो, हे चर्चने ओळखलं आहे.

१६. भव्य चर्च बांधण्यापेक्षा तो पैसा गरिबांना का देत नाहीत?

बेथानीत मरीयेने तीनशे दिनारांचं, म्हणजे मजुराच्या जवळजवळ वर्षभराच्या मजुरीइतकं सुगंधी तेल येशूच्या पायांना लावलं आणि येशूने तिची बाजू घेतली. सुंदर चर्च बांधणारे ही गोष्ट सांगतात आणि ते बरोबर आहे. प्रेम हिशेब करत नाही.

पण मरीयेने स्वतःचं दिलं होतं. पुढे बिशप झालेले जॉन क्रिसोस्तोम ४ थ्या शतकात उपदेशात विचारत, ख्रिस्त उपाशी मरत असताना त्याच्या मेजावर सोन्याचे पेले ठेवून काय उपयोग? मिलानचे बिशप अंब्रोज यांनी युद्धकैदी सोडवायला चर्चची पात्रं वितळवली. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. मात्र गळती थांबवायला छत हवं आणि दाखवायला मनोरा हवा, यांतला फरक समितीतल्या प्रत्येकाला ठाऊक असतो.

१७. चर्च विकलं गेलं किंवा पडलं तर त्या जागेचं पावित्र्य जातं का?

कॅथलिक नियमांनुसार बिशप एखादं चर्च उपासनेच्या वापरातून काढू शकतात, पण ते हीन कामाला लागू नये अशी अट असते. बऱ्याच प्रोटेस्टंट मंडळ्या शेवटची उपासना करून, आभार मानून जागा सोडतात. रडू येतं, येऊ द्यावं. इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचं मंदिर जाळलं, आणि उपासना थांबली नाही, ना यहूद्यांची ना ख्रिस्ती लोकांची.

१८. स्वर्गात मंदिर असेल का?

प्रकटीकरणाच्या २१ व्या अध्यायात योहान नवं यरुशलेम बघतो आणि लिहितो की त्यात मला मंदिर दिसलं नाही, कारण प्रभू देव आणि कोकरा, म्हणजे ख्रिस्त, हेच त्याचं मंदिर.

त्याच अध्यायातलं एक माप अनेकांच्या नजरेतून सुटतं. त्या नगराची लांबी, रुंदी आणि उंची सारखी आहे. बायबलमध्ये तसा आकार आणखी एका जागेचा आहे: शलमोनाच्या मंदिरातलं परमपवित्रस्थान, वीस हात लांब, वीस हात रुंद, वीस हात उंच. तिथे वर्षातून एकदा, एकटा मुख्य याजक जाई. योहानाने पाहिलेल्या नगरात त्या खोलीएवढं पावित्र्य बारा हजार स्टेडियापर्यंत (स्टेडिया हे अंतराचं जुनं ग्रीक माप) पसरलं आहे, राष्ट्रं त्यात ये-जा करतात, आणि वेशी दिवसा कधी बंद होत नाहीत. रात्र तर तिथे नाहीच.